एकदा बदललेला विषय

‘एकदा बदललेला विषय पुन्हा बदलून मिळणार नाही.’ मुलुंडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ऑफिसच्या खिडकीशेजारी काचेचा फळा होता, त्यात हे वाक्य टाइप करून लावलेलं असायचं आणि त्याखाली लाल शाईने दोन रेघा मारलेल्या असायच्या. वर बाकीचे नियम होते. अकरावीचा विषय बदलायचा तर साध्या कागदावर अर्ज करा. सोडायच्या विषयाच्या शिक्षकांची सही आणा, घ्यायच्या विषयाच्या शिक्षकांची सही आणा. पालकांची सही मात्र खिडकीशी, क्लार्कच्या डोळ्यांदेखत, घरून करून आणलेली चालणार नाही. मुदत ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी एकपर्यंत. आता माझी पन्नाशी जवळ आली आणि दर वर्षी हीच नोटीस मीच लावते. फॉर्म ऑनलाइन झाला, सह्यांच्या जागी ओटीपी आला, पण ते शेवटचं वाक्य मी कुणाला काढू दिलेलं नाही. नवीन क्लार्क म्हणते, मॅडम, एवढं कडक कशाला? मी म्हणते, राहू दे गं, त्या वाक्याचे माझ्यावर उपकार आहेत.

आम्ही विक्रोळीला पूर्वेकडे राहायचो, खाडीच्या अंगाला, बैठ्या चाळीत. सकाळी कारखान्यांचे भोंगे एकामागून एक वाजायचे आणि त्यांच्या मधल्या जागेत आत्याचा पाटा-वरवंटा वाजायचा. घरात चार माणसं: आई, बाबा, बाबांची मोठी बहीण म्हणजे आत्या, आणि मी. बाबा आधी गिरणीत होते. गिरणी गेली, तेव्हा घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात लिफ्टमन म्हणून लागले. दिवसभर स्टुलावर बसून डॉक्टरांना वर न्यायचं आणि खाली आणायचं. घरी आले की त्यांच्या बोलण्यात मजले असायचे. अमुक डॉक्टर कसे, तर ‘चौथ्या मजल्यावरचो, पण बोलता तळमजल्यासारख्या,’ म्हणजे साधा माणूस, गर्व नाही. एक बाई डॉक्टर होत्या, बाबा त्यांच्याविषयी बोलायला लागले की आई भाकरी थापायची थांबायची. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की सगळे एक पाऊल मागे सरायचे म्हणे. बाबांना माझ्यासाठी तेच हवं होतं, बाकी काही नाही. मी पांढरा कोट घालून त्यांच्या लिफ्टमध्ये शिरायचं, आणि ते विचारणार, ‘कितवा?’

दहावीला मला बरे मार्क पडले. बाबा रजा टाकून मला घेऊन गावी गेले, घाटाखालच्या आमच्या गावात, आणि ग्रामदेवीसमोर, माउलीसमोर, गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं सांगायला नको, पण माझ्या विद्यार्थ्यांना ते सांगावं लागतं: देवीपुढे गावकऱ्याने मोठ्याने मागणं मांडायचं आणि प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे ते काम दाजी गावकरांचं. त्यांचा आवाज देवळातून निघाला की नदीपलीकडची गुरं मान वर करायची. ‘ह्या चेडवाक डॉक्टर कर गे माउली,’ असं दाजींनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं आणि सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. मला तिथे कुणी विचारलं नाही. मीही काही बोलले नसते म्हणा, मला तेव्हा बायोलॉजी म्हणजे काय ते कुठे ठाऊक होतं?

ते जुलैत कळलं. रक्ताची भीती वगैरे काही नव्हती. आत्याबरोबर बांगडे साफ करून मी मोठी झालेली, बेडकाने माझं काय बिघडणार होतं? पण ती नावं, त्या आकृत्या, त्यांचे ते बाण, सगळं डोक्यावरून जायचं. मी काढलेला अमिबा आत्याने पाहिला आणि म्हणाली, ‘गो, माझा घावनसुद्धा तव्यावर यापेक्षा बरा पसारता.’ पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा मिळाले. फेरचाचणीत सात. बाई मायाळू होत्या, त्यांनी तिसरी संधी दिली, तेव्हा पुन्हा सहा. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘वैशाली, तू अभ्यास करतेस हे मला दिसतं. म्हणून जास्तच वाईट वाटतं बघ.’ माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी घरी ‘चाललंय’ एवढंच सांगत होते आणि आई रोज डब्यात एक पोळी जास्त देत होती, डोकं चालावं म्हणून.

आणि मग एका बुधवारी लॅबच्या नळाचं काम निघालं, प्रॅक्टिकलच्या खोल्यांची अदलाबदल झाली, आणि मी बायोलॉजीचं जर्नल छातीशी धरून भूगोलाच्या खोलीत जाऊन बसले. साळवी सरांनी कोण, कुठली, काही विचारलं नाही. माझ्यासमोर एक भला मोठा नकाशा पसरला आणि म्हणाले, ‘ही नदी कुठून कुठे वाहते सांग.’ मी पाहिलं आणि सांगितलं. ‘कशावरून?’ मी म्हटलं, या रेषा इकडे दाट आहेत, म्हणजे इथे चढ असणार, आणि पाणी काय चढ चढणार नाही. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘गाव कुठलं तुझं?’ मी सांगितलं, तर ते उठून कपाटातून दुसरा नकाशा घेऊन आले. त्यात आमचा घाट होता. रेषा एका जागी इतक्या दाटल्या होत्या की कागद तपकिरी दिसत होता, आणि मला एकदम उलगडलं की हीच ती जागा, जिथे दर वर्षी गाडीत आत्याला उलटी होते. मी मोठ्याने हसले. सगळा वर्ग बघायला लागला. सर म्हणाले, ‘काय सापडलं?’ मी खरं ते सांगितलं, तर तेही हसले आणि म्हणाले, ‘हा भूगोल आहे. आता उलटी कुठे थांबते तेही दाखव.’ मी दाखवलं. त्या तासाला मी इतकी खुशीत होते की घंटा झाल्यावर मला वाटलं कुणीतरी ती लवकर वाजवली.

माझी मैत्रीण करुणा दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचं घराणं बुलढाण्याकडचं, घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि खाली पुस्तकांची फळी, वडील टपाल खात्यात कारकून. करुणा कुठल्याही नोटीसबोर्डापुढे थांबायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. मला हाताला धरून फळ्यापाशी नेलं. ‘हे वाच ना. बायो सोडून भूगोल घेता येतो. सायन्समध्येच राहायचं, नुसता विषय बदलायचा. तुला कुणी सांगितलं नाही?’ मी म्हटलं, अगं पण मग डॉक्टर? ‘सहा मार्कांत कोण डॉक्टर करणार तुला? वाट लागेल पेशंटची.’ अर्ज तिच्या वडिलांनी लिहवून घेतला. त्यांनी तो माझ्याकडून चार वेळा लिहवला. ‘आपल्या पोरांचा अर्ज मागे फिरवायला त्यांना कारण सापडता कामा नये,’ असं ते म्हणायचे, आणि समासाची रेघ पट्टीने मारायला लावायचे. बायोलॉजीच्या बाईंनी सही केली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. साळवी सरांनी सही केली आणि ‘या’ एवढंच म्हणाले. राहिली एक सही, आणि मुदतीला राहिले तीन दिवस.

बुधवारी जेवणं झाल्यावर मी बोलले. तिन्ही चाचण्यांचे पेपर पुढे ठेवले, वर अर्ज ठेवला. आईने पेपर पाहिले आणि पदराने तोंड पुसलं. आत्या म्हणाली, ‘भूगोल शिकान काय होतला? नदी खय जाता ता नदीक म्हायत आसा.’ बाबांनी अर्ज वाचला, पट्टीने मारलेल्या समासावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, ‘मगे तू कितव्या मजल्यार जातलंस?’ मला रडू आलं. मी म्हटलं, बाबा, मला नाही माहीत, पण बायोलॉजीत मी तळघरात चाललेय. त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग म्हणाले, ‘माझी हरकत नाय. पण मी गाऱ्हाणा घातलेला आसा, गावासमोर. ता काय माझ्या मनान मोडूक येवचा नाय. आधी माउलीक इचारूक व्हया.’ म्हणजे कौल लावायचा. देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, शनिवारी एक वाजता खिडकी बंद होते, गावाला जाऊन यायला दोन दिवस लागतात. बाबा म्हणाले, ‘फोन आसा मा.’

देवळासमोरच्या किराणा दुकानात गावातला एकुलता फोन होता. शुक्रवारी बाबांनी दुकानदाराला निरोप दिला. शनिवारी सकाळी आठ वाजता दाजी आंघोळ करून पाकळ्या घेऊन देवळात उभे राहणार, दुकानदार फोनची वायर ओढून दारापर्यंत येणार, आणि मधलं अंगण दाजी आपल्या आवाजाने भरून काढणार. आमच्या बाजूला चाळीच्या नाक्यावर एसटीडीचं बूथ होतं, काचेचं, एक माणूस मावेल एवढं. बाबा धुतलेला शर्ट घालून आत शिरले आणि दार लावून घेतलं, कारण दार उघडं ठेवलं तर बाहेरच्या रिक्षांमुळे ऐकू यायचं नाही. बाहेर रस्त्यावर आम्ही तिघी. आई हात जोडून, आत्या कपाळाला कुंकू लावून, आणि मी कॉलेजची बॅग पाठीला लावून. ठरलं असं की तिकडे दाजींनी ओळ म्हटली की बाबा हात वर करणार आणि आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. आत्याचं म्हणणं, घरच्यांनी हुंकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही.

पहिल्यांदा हात वर गेला आणि आम्ही लाजत, तोंडातल्या तोंडात म्हटलं. आत्या चिडली. ‘देवी रत्नांग्रीच्या पुढे आसा. मोठ्यान म्हणा.’ दुसऱ्या वेळी मोठ्याने म्हटलं. तिसऱ्या वेळेपर्यंत बूथवाला बाहेर येऊन उभा राहिला, तो देवगडचा, त्याला कसं राहवणार? दूध टाकणारा भैया थांबला. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. बाबांचा हात वर गेला की सात-आठ गळ्यांतून ‘व्हय म्हाराजा’ निघायचं, आणि मला भूगोल मिळावा म्हणून विक्रोळीच्या नाक्यावर ओळखदेख नसलेली माणसं साद घालत होती. करुणाही येऊन उभी राहिली होती. ती देवबिव काही मानायची नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, ‘मी साक्षीदार म्हणून आलेय.’ पण चौथ्या हुंकारात तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. इतकी वर्षं झाली, ती अजून कबूल करत नाही.

मग हात वर जायचा थांबला. बाबांनी पंजा उघडून आम्हाला थांबायची खूण केली. म्हणजे पाकळ्या लावल्या होत्या. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता, ऐकू काही येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी काहीतरी विचारलं. पुन्हा थांबले. पुन्हा विचारलं. आई पुटपुटली, ‘पाकळी चिकटून बसली वाटतं.’ तिसऱ्यांदा ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटूनच ते रिसीव्हरमध्ये बोलायला लागले, सावकाश, बराच वेळ. बाबांना एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी रिसीव्हर कपाळाला टेकवला, खाली ठेवला, आणि दार ढकलून बाहेर आले. ‘चल,’ मला म्हणाले. आत्याने विचारलं, ‘खयचो?’ बाबा म्हणाले, ‘उजवो.’ माझा जीव भांड्यात पडला. इस्त्रीवाल्याने टाळी वाजवली.

कॉलेजात आम्ही पोचलो तेव्हा खिडकीपुढे लांबलचक रांग होती. आमचा नंबर एकला दहा मिनिटं कमी असताना लागला. क्लार्कने अर्ज उलटसुलट करून पाहिला, खोट काढायला काही सापडलं नाही, आणि बाबांकडे बोट दाखवलं. ‘पालक का? समजून सही करा. परत बदलून मिळत नाही.’ बाबा म्हणाले, ‘म्हायत आसा. आमच्यात पण तोच नियम आसा.’ क्लार्कला काही कळलं नाही. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली, एरवी पगाराच्या रजिस्टरवर करायचे त्याच्या दुप्पट मोठी. मग मला म्हणाले, ‘तो नकाशो खय आसा तुझो?’ साळवी सर निघायच्या बेतात होते, त्यांनी कपाट पुन्हा उघडलं. आमच्या गावावर बोट ठेवून त्यांनी देवळाची बारीक खूण दाखवली. बाबा नकाशावर वाकले आणि त्या खुणेकडे बघत राहिले. मला वाटलं आनंदाने बघताहेत. मग त्यांनी नकाशालाच हात जोडले आणि सरांना म्हणाले, ‘चेडू तुमच्या हवाली करतंय.’ घरी आत्याने घावणे केले होते, बरोबर नारळाचा गुळाचा रस. मी सात खाल्ले. आत्या म्हणाली, आता ह्यांचे नकाशे काढ.

पुढचं सगळं चांगलंच झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं फार नाही. बारावीला भूगोलात मी कॉलेजात पहिली आले. एमए झाले, शिकवायला लागले, आणि साळवी सर निवृत्त झाल्यावर ते नकाशांचं कपाट माझ्या ताब्यात आलं. नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन बाबांच्या हॉस्पिटलात गेले आणि लिफ्टमध्ये शिरले. आत दोन डॉक्टर होते. बाबांनी विचारलं, ‘कितवा?’ मी म्हटलं, तुम्ही न्याल तो. त्यांनी मला डॉक्टरांसकट वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवलं. कुणी तक्रार केली नाही, सगळ्यांना पेढे मिळाले होते.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. दर वर्षी जत्रेला जाताना आमच्या घरचा पाच नारळांचा मान असायचा, आणि बाबा त्याखेरीज एक सहावा नारळ न्यायचे. वेगळ्या फडक्यात बांधलेला, स्वतःच्या पिशवीत. सगळे दर्शन घेऊन बाहेर पडल्यावर तो ते एकटे आत जाऊन ठेवायचे. मी एकदा विचारलं, हा कसला? म्हणाले, ‘ह्यो माझो. तुझो नाय.’ मला वाटलं, जुन्या गिरणीचं काही असेल.

गेल्या वर्षी बाबांचे गुडघे गेले. ऐंशी उलटली त्यांची, घाट झेपणार नव्हता. मी निघाले तेव्हा त्यांनी पाच नारळ माझ्या पिशवीत भरले आणि सहावा फडक्यात बांधून हातात दिला. ‘शेवटाक ठेव,’ म्हणाले. मी तसंच केलं. देवळात तेव्हा फक्त दाजी होते, खांबाला टेकून बसलेले, आवाज आता गेलेला. त्यांनी फडकं ओळखलं. ‘तोच काय गो नारळ? भूगोलाचो?’ मी म्हटलं, भूगोलाचा कसला? दाजी म्हणाले, ‘बापाशीन तुका सांगलेला नाय?’ मग त्यांनी सांगितलं. त्या सकाळी कौल डावा पडला होता. बाबांनी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा डावा. तिसऱ्या खेपेलाही डावाच. दाजींनी अंगणापलीकडून ओरडून सांगितलं, आता इचारू नको. तेव्हा बाबांनी दुकानदाराला म्हटलं, फोन देवीच्या दिशेला धर. आणि फोनमधून ते माउलीशी स्वतः बोलले. दुकानदाराकडून ऐकून दाजींना ते तोंडपाठ झालं होतं. ‘माउली, तुझा ऐकलंय. पण चेडू रात्री झोपेत हसता, ता मी बघलंय. भूगोल इलो त्या दिसापासून. सही मी करतंय. चूक झाली तर ती माझी, तिका काय इचारू नको. दर वर्साक एक नारळ घेऊन दारात उभो रवतंय, काय इचारूचा ता माका इचार.’

मी रडले, खोटं कशाला सांगू, आणि रडता रडता हसले, कारण मला डोळ्यांसमोर तो इस्त्रीवाला टाळी वाजवताना दिसत होता. तीन चाचण्या मी दिल्या होत्या आणि तीन बाबांनी माझ्यासाठी दिल्या, आणि आम्ही दोघंही सगळ्यांत नापास. दाजी म्हणाले, ‘आता तू इलंस तर लावया काय कौल परत? बघूया काय म्हणता ती.’ मी म्हटलं, नको दाजी. एकदा बदललेला विषय पुन्हा बदलून मिळत नाही.

नारळ फोडला, अर्धी वाटी प्रसाद म्हणून मी विक्रोळीला घेऊन आले. बाबा कॉटवर बसले होते. त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि ते फडकं हातात धरून समोर बसले. त्यांना कळलं की मला कळलंय. आत्या आता नाही, तेव्हा घाबरायचं कारण उरलं नव्हतं, तरी त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मग हळूच विचारलं, ‘काय इचारल्यान काय तिना?’

‘नाही बाबा. काहीच नाही.’

त्यांनी तुकडा तोंडात टाकला. दात नाहीत, त्यामुळे बराच वेळ घोळवत राहिले. ‘गोड आसा,’ म्हणाले. मग माझ्या हातातलं ते फडकं घेतलं, नीट चार घड्या घातल्या आणि उशीखाली ठेवलं.

‘पुढच्या वर्साक पण घेऊन जा. अजून तुझा रिटायर होवूचा आसा.’